माझा नाचाचा पाट आणि आईची भाडेकरीण

आईचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या चष्म्याची दांडी बसवत होते. माझी आई, गेर्त्रूदा, फोनवर कधी ‘कशी आहेस’ म्हणत नाही. ती थेट कामाचं बोलते आणि काम संपलं की फोन ठेवते.

“सबीना, बाबांची सोल्डरिंग गन तुझ्याकडे आहे ना? ती घेऊन ये. पाटाचा डावा बाण लागत नाही.”

“कुठला पाट?”

“नाचाचा. तुझा तो. ईस्टर झाला की रोक्साना गदान्स्कला चाललीय, तिकडे ट्राम चालवायला. म्हटलं, पाट तिला देऊन टाकावा. आता मोडका कसा द्यायचा?”

“आई, तो पाट माझा आहे.”

“तुझाच आहे. म्हणून तर विचारतेय.”

“विचारतेयस कुठे, सांगतेयस.”

“बरं, सांगतेय. गन आण.” आणि फोन बंद.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चष्म्याचं दुकान मी भागीदारणीच्या गळ्यात टाकलं, आजोबांना म्हटलं दांडी सोमवारी, आणि घरी जाऊन माळ्यावरून गन काढली. माझं ग्लिवित्से ते आईचं बिटोम अर्धा तास. एरवी तेवढ्यासाठी मला महिना महिना सवड होत नाही. का होत नाही ते मला कुणी विचारू नये. दुकान आहे, घर आहे, आणि बिटोमला गेलं की आई खिडकीच्या कठड्यावर उशी ठेवून, त्यावर कोपरं टेकवून रस्ता बघत बसते. मी मागे खुर्चीत. ती रस्त्याशी जितकं बोलते तितकं माझ्याशी बोलत नाही.

तर हा पाट. मी सतरा वर्षांची होते तेव्हा कातोवित्सेच्या मॉलमध्ये नाचाचं यंत्र आलं होतं. समोर पडद्यावर बाण सरकत वर जातात, पायाखाली चार बाण असतात, आणि जो बाण दिसेल त्यावर गाण्याच्या ठेक्यात पाय पडला पाहिजे. मी त्याच्यामागे वेडी झाले होते. रांगेत उभी राहून पाय दुखायचे, मग नाचून दुखायचे. माझे बाबा, आलोइझ, खाणीत इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी एका मासिकातला फोटो बघून प्लायवूडचा पाट केला. चार चौकोन हलते, त्यांच्याखाली फोमच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या आत तांब्याचा पत्रा वर एक, खाली एक. पाय दिला की पत्र्याला पत्रा टेकतो आणि टीव्हीवरच्या खेळाला कळतं. तांबं कुठून आलं ते घरात कुणी विचारलं नाही. खाणवाल्याच्या घरात असले प्रश्न विचारत नाहीत.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी त्याच्याही आधी लग्न करून गेले होते. पाट माझ्या खोलीत कपाटामागे राहिला. मला वाटलं होतं, तो राहील. आईने मागच्या उन्हाळ्यात खोली या रोक्सानाला भाड्याने दिली तेव्हा मला सांगितलं, विचारलं नाही. तिची तीच पद्धत.

दार रोक्सानाने उघडलं. मी यायचे तेव्हा ती नेमकी पाळीवर असायची, तिला मी पहिल्यांदाच बघत होते. वय तिशीच्या आत, ओले केस टॉवेलात, अंगावर ट्रामवाल्यांचा निळा शर्ट. आणि पायात माझ्या सपाता. राखाडी लोकरीच्या, लाल गोंडा असलेल्या. आमच्याकडे दारातच बूट काढायचे आणि आपल्या सपाता घालायच्या, घरातल्या प्रत्येकाची आपापली जोडी. पाहुण्यांसाठी वेगळा ढीग असतो, कुणाच्याही पायाच्या. माझ्या सपाता हिच्या पायात. मी ढिगातून दोन घेतल्या, एक बाबांएवढी मोठी, एक घट्ट.

“तुम्हीच सबीनाताई ना? मावशी सारखं तुमचंच बोलत असते.”

मावशी. माझ्या आईला बहीण नाही, भाची कुठून आली? “असं का?” म्हटलं. “मला तर ती काहीच बोलत नाही.”

ती हसली. मला वाटलं होतं चिडेल. स्वयंपाकघरात आई तिचा डबा भरत होती. जाड पावाला डुकराची चरबी, वर मीठ, आंबवलेली काकडी कागदात वेगळी, म्हणजे पाव ओला होत नाही. मी शाळेत होते तेव्हा काकडी पावातच असायची आणि दुपारपर्यंत सगळं दप्तर वास मारायचं. तेव्हा हा वेगळा कागद कुणाला सुचला नव्हता.

“काकडी वेगळी बांधतेस आता?” मी विचारलं.

“हिला पाव ओला आवडत नाही.”

“मलाही आवडत नव्हता.”

“तू कधी बोलली नाहीस.” आईने डबा रोक्सानाच्या हातात दिला. “चारला येशील ना? सबीना आहे, पाट होईल तोवर.”

“ताई, डावा बाण अगदी मुका आहे हं,” रोक्साना बूट घालता घालता म्हणाली. “खालचा मनात आलं तर बोलतो. वरचा आणि उजवा गुणी आहेत.” सपाता तिने दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि जिना उतरून गेली. मी त्यांना हात लावला नाही. गरम होत्या.

गदान्स्कबद्दल मी तिला मुद्दाम काही विचारलं नाही. माझी वस्तू तिला मिळणार म्हणून मी तिचं अभिनंदन करायचं की काय?

आईबद्दल सांगायचं तर तिने उभं आयुष्य इस्पितळाच्या धोबीघरात काढलं. चादरी, उश्यांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. घरी आली की हात सुरकुतलेले आणि तोंड बंद. तिने मला कधी मारलं नाही आणि कधी कुशीत घेतलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने मला इस्त्री केलेल्या चादरींची थप्पी दिली, कडेला कड जुळलेली, आणि म्हणाली, “चांगल्या आहेत.” मी नाचाच्या स्पर्धेत तिसरी आले तेव्हा बाबांनी शेजारपाजाऱ्यांना बियर पाजली. आई म्हणाली, “मोजे फाटले असतील.” फाटले होतेच.

मी पाट खोलीच्या मध्यभागी उपडा घातला आणि स्क्रू काढायला बसले. खोली माझी, पण बिछान्यावर तिची ती जांभळी दुलई, भिंतीवर ट्रामच्या वेळा, खिडकीत आईने दिलेली कोरफडीची कुंडी. आई दारात चहाचा पेला घेऊन उभी होती.

“कशाने बिघडला असेल?” आईने विचारलं.

“तुझी भाडेकरीण बूट घालून नाचली असेल.”

“घरात बूट कोण घालतं?”

“मग आदळआपट करत असेल. बाबांनी हा मुलीसाठी केला होता, घोड्यासाठी नव्हे.”

“नाजूक आहे ती. तिच्यापेक्षा मीच जड पडते.”

माझा स्क्रू-ड्रायव्हर घसरला. “म्हणजे?”

“म्हणजे मीही नाचते ना,” आई म्हणाली, अगदी दळण आणायला जाते अशा सुरात. “खुर्चीची पाठ धरून. हिने शिकवलं. वरचा आणि उजवा, दोनच बाण लागतात तेवढं सोपं गाणं आहे एक. गुडघे मोकळे होतात.”

मला काय झालं ते सरळ सांगते. मी जळले. सतरा वर्षांची असताना मी या बाईच्या मागे लागले होते, एकदा तरी पाय ठेवून बघ, एकदाच. तिने हात झटकले होते. माझे पाय धोबीघरात गेलेत, नाचायला उरले नाहीत, म्हणाली होती. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी, परक्या मुलीकडून शिकून, माझ्या पाटावर, माझ्या खोलीत.

“माझ्याबरोबर नाही नाचलीस,” मी म्हणाले.

“तेव्हा सकाळी चारला उठत होते मी.”

“रविवारी नव्हतीस उठत.”

“रविवारी चर्च आणि रोलाडे. मांसाच्या गुंडाळ्या काय आपल्याआप होतात? तुझ्या बाबांना बारा वाजता जेवायला लागायचं.” तिने पेला टेकवला. “तू भांडायला आलीस का दुरुस्तीला?”

“दोन्हीला.” आणि मग बोलूनच टाकलं. “आणि ऐक, पाट मी नीट करणार आणि गाडीत घालून घरी नेणार. रोक्सानाला हवा असेल तर तिच्या बापाला करायला सांग. माझ्या बापाने माझ्यासाठी केलाय.”

मला वाटलं, आता तरी आई चिडेल. ती म्हणाली, “ने की. तुझाच आहे,” आणि बटाटे सोलायला निघून गेली. जिंकल्याचं सुखही मला तिने धड मिळू दिलं नाही. मी नेला काय आणि तिने नेला काय, हिला सारखंच, असं वाटून मी आणखी जळले.

मागची फळी निघाली. बाबांचा हात लगेच ओळखू आला, प्रत्येक वायरला रंगीत टेप, प्रत्येक वळण काटकोनात. मी बॅटरीला छोटा दिवा जोडला आणि दोन टोकं एकेका बाणाच्या वायरींना लावून वरून दाबून बघितलं. वरचा दाबला, दिवा लागला. उजवा, लागला. खालचा दाबला तर एकदा लागला, एकदा नाही. डावा दाबलाच जात नव्हता. चौकोन हलायलाच तयार नाही. फोम वाळून दगड झाला असेल म्हणून मी सुरी घातली फटीत आणि जोर लावला. चौकोन एकदम उचकटून हातात आला, त्याच्याबरोबर एक वायरही तुटली, आणि नाकात वास शिरला.

मेणाच्या पॉलिशचा वास. लाकडी जमिनीला लावतात ते, पातळ, बाटलीतलं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सगळ्या जिन्यात हाच वास भरलेला असतो, प्रत्येक दारातून. चौकोनाच्या कडांना ते साठून पिवळं झालं होतं, जुन्या चीजच्या सालीसारखं. फोम त्यात बुडाला होता, तांब्यावर जाड साय धरली होती. सायीतून वीज जाणार कशी? डावी बाजू सगळ्यात वाईट, मग खालची. पाट कपाटामागे उभा असतो तेव्हा डावी कड जमिनीकडे असते. सगळं ओघळून तिकडे उतरलं होतं.

“आई,” मी ओरडले, “ये इकडे. बघ तुझ्या लाडकीने काय केलंय. पॉलिशची बाटली ओतलीय यात.”

आई सोलाणं हातात घेऊन आली, वाकली, बोट लावून बघितलं, वास घेतला.

“रोक्सानाने नाही,” ती म्हणाली. “मी लावते.”

“तू?”

“ईस्टरला घरातल्या सगळ्या लाकडाला पॉलिश लागतं ना. जमीन, दारं, तुझ्या बाबांची पेटी. मग हा काय तसाच ठेवायचा?”

“आई, यात वीज असते.”

“वीज आत असते. मी वरून लावते.”

मी सुरीने साल उचलली. ती एक नव्हतीच. थरावर थर होते, खालचे काळपट, वरचे पिवळे, मध्ये मध्ये धुळीची बारीक रेघ. मोजत बसले नाही. ज्या ईस्टरला मी रविवारी जेवायला येऊन संध्याकाळी गाडीत बसले, आणि ज्या ईस्टरला आलेच नाही, ते सगळे तिथे होते.

“पण कशाला?” मी विचारलं. “मी तर कधी नाचले नाही पुन्हा. कपाटामागे होता. कुणी बघत नव्हतं.”

“तू कधी आलीस आणि म्हणालीस, आई, पाट काढ, तर काय धुळीचा काढून देऊ?” तिला माझा प्रश्नच कळला नव्हता. “आधी ओल्या फडक्याने पुसायचं, मग पॉलिश, मग लोकरीच्या चिंधीने घासायचं. तुझ्या बाबांनी कडा गोल केल्यात छान, चिंधी अडकत नाही.”

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. काय म्हणावं या बाईला. वीस-एक वर्षं लाकडावरून हात फिरवत बसली आणि फोन उचलून ‘ये गं’ एवढं म्हणाली नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला रोक्सानाचा हेवा वाटला नाही. मला त्या पाटाचा हेवा वाटला. त्याला दर वर्षी आईचा हात लागला होता.

“रडतेस काय,” आई म्हणाली. “निघेल ते. मेणच आहे. सरक.”

ती आत जाऊन इस्त्री घेऊन आली आणि पिठाचे रिकामे खाकी कागद. इस्पितळाच्या चर्चची कापडं तिच्याकडे यायची, मेणबत्त्यांच्या डागांची. कागद ठेवायचा, वरून इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. जमिनीवर जुनी चादर अंथरून ती गुडघे टेकून बसली आणि माझ्या नाचाच्या पाटाला इस्त्री करू लागली. मी कागद बदलत होते. कागद तेलकट, पारदर्शक होऊन निघायचा, ती म्हणायची, “दुसरा.” आम्ही दोघी इतका वेळ जमिनीवर शेजारी शेजारी कधी बसलो होतो, मला आठवत नाही.

मग मी तांबं स्पिरिटने पुसलं, बारीक पॉलिश पेपर फिरवला तसं ते लालबुंद चमकलं. खिडक्यांना हिवाळ्यात लावायच्या फोमच्या पट्टीची गुंडाळी आईच्या खणात होतीच, ती कापून कडेने चिकटवली. गन तापवली, तुटलेली वायर जोडली. धूर निघाला तेव्हा आई म्हणाली, “तुझ्या बाबांचा वास,” आणि खिडकी उघडायला उठली. मी चौकोन दाबला. दिवा लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लागला.

“यापुढे पॉलिश नाही,” मी म्हणाले.

“कोरडं फडकं?”

“कोरडं चालेल.”

चारनंतर रोक्साना आली, टोपी काढली, पाटाकडे बघितलं आणि लॅपटॉप जोडला. मी म्हटलं, आधी मी. मुद्दामच. गाणं लागलं आणि माझी फजिती झाली. बाण वर निघून जात होते, पाय मागून येत होते, पहिल्याच कडव्यात खेळ मला बाद करून मोकळा झाला. गुडघे कुरकुरले. रोक्साना हसली नाही, आई हसली. तोंडावर हात न ठेवता, दात दाखवून.

मग रोक्साना चढली. तिचे पाय जमिनीला टेकतात की नाही असं नाचत होती. डावा बाण प्रत्येक वेळी बोलला. मला जळायला हवं होतं, आणि जळलेही थोडी, पण पूर्वीसारखं नाही. माझ्या नखांत आईचं मेण होतं. मला हवं ते मिळालं होतं, आणि मिळालेल्या माणसाला देववतं.

“छान नाचतेस,” मी तिला म्हणाले. “जा घेऊन. खरंच. गदान्स्कला नीट बांधून ने, ओल लागू देऊ नकोस.”

ती घाम पुसत थांबली. “गदान्स्कला कोण चाललंय?”

“तू. ईस्टरनंतर.”

“मी? मला तर उन्हाळ्यापर्यंत इथलीच पाळी लागलीय.” तिने आईकडे बघितलं. “मावशी, मी कुठे चाललेय का?”

मी पण आईकडे बघितलं. आई पाटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती, फट नीट बसली का बघत असल्यासारखी.

“आई, तू खोटं बोललीस?”

“मग काय करू?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण पडलाही नव्हता. “‘ये’ म्हटलं की तुला दुकान असतं. मला माहीतेय ना तुला. लहानपणी शेजारच्या पोरीला मी वाटीभर सूप दिलं तरी तू अंथरुणातून उठून यायचीस, तापातसुद्धा. म्हटलं, पाट दुसऱ्या कुणाला देते म्हणाले तर येईल. आलीस की दोन तासांत.”

“जळत आले मी, आई.”

“जळत का होईना,” ती म्हणाली. “मला चालतं.”

रोक्साना हळूच सटकून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी वाजवू लागली, गरज नसताना. मी पाटावरच बसले. काहीतरी लागेल असं बोलावं असं फार वाटत होतं, मी तशी सोडणारी नाही, पण तोंडातून निघालं ते एवढंच:

“आज राहिले तर झोपू कुठे? माझी खोली तर तू देऊन टाकलीस.”

“माझ्याजवळ,” आई म्हणाली. “पलंगावर, बाबांच्या बाजूला. चादर सकाळीच बदललीय.”